उशाशी पुस्तक, पण वाचायचं कसं?



दरवर्षी या पुस्तिकेत आपण देणगीदारांची यादी, कार्यक्रमाची रूपरेषा आणि दोन-चार जाहिराती छापतो. यंदा जरा वेगळं करतोय. निधी नक्की कशासाठी गोळा करतोय हे नीट समजावून सांगितल्याशिवाय तुमच्यापुढे हात पसरायचा नाही, असं कार्यकारिणीच्या बैठकीत ठरलं. विषय थोडा कायद्याचा आहे, थोडा संगणकाचा आहे. पण घाबरून पान उलटू नका. सुरुवात अगदी आपल्या घरातली आहे.

आपल्या एका सभासदाच्या आई क्लोनसिलाला मुलाकडे राहतात. सगळे त्यांना काकूच म्हणतात. आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलेलं. मुलाकडे कायमच्या यायचं ठरलं तेव्हा बॅगेत लोणची-पापड कमी आणि पुस्तकं जास्त भरली होती, असं त्यांची सूनबाई अजून सांगते. पण इथे आल्यावर दोन-तीन वर्षांतच डोळ्यांच्या पडद्याची झीज सुरू झाली. समोरच्या माणसाचा आकार कळतो, चेहरा कळत नाही. खिडकी दिसते, अक्षर दिसत नाही. गेल्या गणपतीला आम्ही त्यांना भेटायला गेलो तेव्हा त्या सहज म्हणाल्या, "पुस्तकं सगळी उशाशी आहेत रे, पण मुकी झालीत."

आम्ही लगेच शहाणपणा केला. म्हटलं, "काकू, त्यात काय! हल्ली फोन वाचून दाखवतो सगळं." खिशातून फोन काढला, एका मराठी पुस्तकाची पीडीएफ उघडली आणि वाचक आवाज सुरू केला. फोनमधून जे बाहेर पडलं ते मराठी नव्हतं, इंग्रजी नव्हतं, कुठलीच भाषा नव्हती. इंग्रजी अक्षरं, कंस, स्वल्पविराम, टक्क्याची खूण असं काहीतरी बडबडत सुटला. काकू हसल्या. आम्हाला मात्र हसू आलं नाही.

त्या संध्याकाळपासून आम्ही या विषयाच्या मागे लागलो. जे कळलं ते तुमच्यापुढे मांडतोय.

कागदाचं कुलूप

ज्याला छापील पुस्तक वाचता येत नाही असा माणूस फक्त पूर्ण अंध असतो असं नाही. काकूंसारखी उतारवयात नजर गेलेली माणसं आहेत. अक्षरं एकमेकांत गुंतणारी, म्हणजे डिस्लेक्सिया असलेली मुलं आहेत. हात थरथरतात म्हणून पुस्तक धरता येत नाही, पान उलटता येत नाही अशीही माणसं आहेत. या सगळ्यांपुढे छापील पुस्तक म्हणजे कुलूप लावलेली पेटी. भारतात 2011 च्या जनगणनेत दृष्टीचं अपंगत्व नोंदवलेल्यांचीच संख्या 50 लाखांवर होती. त्यात डिस्लेक्सियावाले किंवा हात न चालणारे धरलेलेच नाहीत.

ही पेटी उघडायची तर पुस्तकाची वेगळी प्रत करावी लागते. ती ब्रेलमध्ये असेल, मोठ्या ठळक टायपात असेल, कुणीतरी वाचून ध्वनिमुद्रित केलेली असेल, किंवा संगणकाला वाचता येईल अशा मजकुराची असेल. अशा प्रतीला सुगम प्रत म्हणतात. सगळ्यात सोयीचा प्रकार म्हणजे डेझी. ही जगभर वापरली जाणारी एक पद्धत आहे. साधी कॅसेट किंवा सीडी लावली की सुरुवातीपासून ऐकत बसावं लागतं. डेझी पुस्तकात मात्र आपण जसं अनुक्रमणिका बघून तिसरं प्रकरण काढतो, खूण ठेवतो, एखादं पान परत वाचतो, तसं सगळं करता येतं. परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या मुलासाठी हा फरक फार मोठा.

पण कुठल्याही प्रकारची असली तरी ती प्रतच. आणि प्रत म्हटली की आला कॉपीराइट.

कॉपीराइट म्हणजे काय, थोडक्यात

आपण आयर्लंडमध्ये राहतो, तेव्हा इथलीच गोष्ट सांगायला हवी. सहाव्या शतकात कोल्मकिल नावाच्या साधूने आपले गुरू फिनिअन यांच्याकडचं स्तोत्रांचं पुस्तक गुपचूप रात्री बसून उतरवून काढलं, अशी आख्यायिका आहे. गुरूंना कळलं. त्यांनी उतरवलेली प्रत मागितली. शिष्य देईना. भांडण राजापर्यंत गेलं. राजाने निवाडा दिला की गाईचं वासरू जसं गाईच्या धन्याचं, तशी पुस्तकाची प्रत मूळ पुस्तकाच्या धन्याची. त्यावरून पुढे लढाई झाली आणि माणसं मेली असंही सांगतात. परंपरेने या गोष्टीशी जोडलेलं 'काथाख' नावाचं हस्तलिखित आजही डब्लिनच्या रॉयल आयरिश अकादमीत जपून ठेवलेलं आहे. प्रत कुणाची, हा वाद असा आपल्या शेजारी दीड हजार वर्षं मुक्कामाला आहे!

आजचा कायदा काय म्हणतो? लेखकाच्या परवानगीशिवाय त्याच्या पुस्तकाची प्रत काढायची नाही, वाटायची नाही, लोकांपुढे ठेवायची नाही. भारतात 1957 चा कायदा आहे. लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर 60 वर्षं हा हक्क चालतो. आधी तो 50 वर्षं होता. रवींद्रनाथ ठाकूर 1941 साली गेले, त्यांच्या साहित्यावरचा हक्क 1991 अखेर संपणार होता, त्या सुमारास मुदत दहा वर्षांनी वाढवली गेली. आयर्लंडमध्ये आणि युरोपात ही मुदत 70 वर्षांची आहे.

उदाहरण घेऊ. साने गुरुजी 1950 साली गेले. भारतात त्यांच्या पुस्तकांवरचा हक्क 2010 अखेर संपला, आणि 70 वर्षं धरली तरी 2020 अखेर संपला. म्हणजे 'श्यामची आई' आता सगळ्यांची आहे. कुणीही टंकावी, कुणीही वाचून ध्वनिमुद्रित करावी, कुणीही वाटावी. राम गणेश गडकरी आणि हरि नारायण आपटे दोघेही 1919 साली गेले, त्यांचंही तसंच. याउलट पु. ल. देशपांडे 2000 साली गेले. त्यांच्या पुस्तकांवरचा हक्क 2060 अखेरपर्यंत आहे.

आता काकूंच्या बाजूने बघा. कायद्यात काहीच सवलत नसती, तर पु. लं.च्या पुस्तकाची ऐकता येण्याजोगी प्रत करायला हक्कदाराची परवानगी मिळवायची, नाहीतर 1 जानेवारी 2061 ची वाट बघायची! डोळस वाचक दुकानात जाऊन पुस्तक विकत घेतो आणि त्याच रात्री वाचून संपवतो. न दिसणाऱ्याने तेच पुस्तक विकत घेतलं तरी त्याच्या हातात नुसता कागद.

आमची एक चूक

इथे एक कबुली द्यायला हवी, कारण त्यातूनच आम्हाला या कायद्याची दुसरी बाजू कळली.

काही वर्षांपूर्वी एका हयात लेखकाचा कथासंग्रह आपल्यातल्या एकाने हौसेने स्कॅन केला आणि मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकला. सगळ्यांनी अंगठे दाखवले, फुलं पाठवली. तिथून तो कुठे कुठे गेला देव जाणे. दिवाळी अंकांच्या पीडीएफही अशाच फिरत होत्या. मग एक दिवस प्रकाशन व्यवसायातल्या एका स्नेह्यांचा पुण्याहून फोन आला. रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "अहो, मराठी पुस्तकाची एक आवृत्ती निघते ती जेमतेम हजार प्रतींची. ती खपायला वर्षं लागतात. तुम्ही परदेशातले वाचक. पुस्तक विकत घेणं तुम्हाला परवडतं. तुम्हीच फुकट वाचायला लागलात तर लेखकाने लिहायचं कशाला आणि आम्ही छापायचं कशाला?"

उत्तर नव्हतं. आम्ही ती पीडीएफ काढून टाकली, वर्गणी काढून त्या पुस्तकाच्या बारा प्रती मागवल्या आणि तो विषय तिथे संपवला. पण तेव्हापासून एक गोष्ट मनात पक्की बसली. ज्याला दिसतं, ज्याला विकत घेता येतं, त्याने फुकट प्रत घेणं म्हणजे लेखकाच्या ताटातला घास काढणं. ज्याला विकत घेऊनही वाचता येत नाही, त्याच्यासाठी वेगळी प्रत करणं हा लेखकाला नवा वाचक मिळवून देण्याचा प्रकार. दोन्ही कृती वरवर एकच दिसतात, दोन्हीत स्कॅनर तोच असतो. फरक प्रत कुणाच्या हातात जाते यात आहे. आणि नवा कायदा नेमका याच फरकावर उभा आहे.

कायदा कसा बदलला

भारतात 2012 पर्यंत ही सवलत कायद्यात नव्हती. अंधांसाठी काम करणाऱ्या संस्थांना दर पुस्तकामागे परवानगी मागावी लागे. पत्राला उत्तर येईल याची खात्री नसे. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजमधलं दृष्टिबाधितांसाठीचं केंद्र, ठिकठिकाणच्या अंध संघटना, राहुल चेरियन यांच्यासारखे वकील अशा अनेकांनी वाचनाच्या हक्कासाठी मोहीम चालवली. अखेर 2012 साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली.

तिचा अर्थ सोप्या भाषेत असा. अपंगत्वामुळे ज्याला नेहमीची प्रत वापरता येत नाही, त्याच्यासाठी कुणीही सुगम प्रत करू शकतो आणि त्याला देऊ शकतो. तो ती स्वतःच्या वाचनासाठी, शिक्षणासाठी किंवा संशोधनासाठी वापरू शकतो. अपंगांसाठी काम करणाऱ्या संस्थाही अशा प्रती करू शकतात. अट एवढीच की त्यावर नफा कमवायचा नाही, फार तर तयार करायला आलेला खर्च घ्यायचा. आणि संस्थेने काळजी घ्यायची की या प्रती अपंग वाचकांपुरत्याच राहतील, बाजारात शिरणार नाहीत. लेखकाची परवानगी लागत नाही.

पण ही झाली भारतातली गोष्ट. प्रत पुण्यात झाली आणि वाचक ब्लँचर्डस्टाउनला असला तर? देशाची सीमा ओलांडली की कायदा बदलतो. जगभर हीच अडचण होती. स्पॅनिश भाषा वीसेक देशांत बोलतात, पण स्पेनमध्ये तयार झालेलं बोलकं पुस्तक दुसऱ्या देशात पाठवता येत नव्हतं. प्रत्येक देशाने तेच पुस्तक पुन्हा पहिल्यापासून तयार करायचं! जागतिक अंध संघाचा अंदाज असा होता की प्रसिद्ध होणाऱ्या पुस्तकांपैकी 10 टक्क्यांहूनही कमी पुस्तकं अंधांना वाचता येतील अशा रूपात मिळतात, गरीब देशांत तर त्याहून कितीतरी कमी.

2009 साली ब्राझील, इक्वेडोर आणि पॅराग्वे या देशांनी जागतिक बौद्धिक संपदा संघटनेपुढे कराराचा मसुदा ठेवला. 2010 साली प्रसिद्ध अंध गायक स्टीव्ही वंडर यांनी जिनिव्हात सगळ्या देशांच्या प्रतिनिधींपुढे भाषण केलं आणि नंतरच्या काळात, करार केलात तर तुमच्यासाठी गायला येईन असंही जाहीर केलं. 27 जून 2013 रोजी मोरोक्कोतल्या मराकेश शहरात करार मंजूर झाला आणि त्यांनी खरोखरच तिथे जाऊन गाणी म्हटली. राहुल चेरियन मात्र हा दिवस बघायला नव्हते. त्याच वर्षी फेब्रुवारीत त्यांचं निधन झालं होतं.

आपल्याला अभिमान वाटावा अशी गोष्ट पुढेच आहे. मराकेश कराराला पक्की मान्यता देणारा जगातला पहिला देश भारत ठरला, जून 2014 मध्ये. वीस देशांची मान्यता मिळाल्यावर 30 सप्टेंबर 2016 पासून करार अंमलात आला. युरोपीय संघाने 2018 साली मान्यता दिली, त्याच वर्षी आयर्लंडने आपले नियम बदलले, आणि 1 जानेवारी 2019 पासून हा करार आपल्या इथेही लागू झाला. आज शंभराहून अधिक देश त्यात आहेत.

म्हणजे प्रत्यक्षात काय? दोन गोष्टी.

एक, काकूंच्या घरी जे पुस्तक विकत आणलेलं आहे त्याची सुगम प्रत त्यांची सून त्यांच्यासाठी घरच्या घरी करू शकते. स्कॅन करून, टंकून किंवा स्वतः वाचून ध्वनिमुद्रित करून. ती फक्त काकूंनी वापरायची.

दोन, भारतातल्या अधिकृत संस्थेने तयार केलेलं मराठी पुस्तक सरळ आयर्लंडमधल्या अशाच संस्थेकडे किंवा थेट काकूंकडे येऊ शकतं. परवानगीची पत्रापत्री नाही. इथे 1931 पासून अंधांसाठी काम करणारी एनसीबीआय ही संस्था आहे, जी 2023 पासून व्हिजन आयर्लंड या नावाने ओळखली जाते. भारतात 2016 साली सुरू झालेलं सुगम्य पुस्तकालय हे महाजालावरचं ग्रंथालय आहे. डेझी फोरम ऑफ इंडिया, केंद्र सरकारचा दिव्यांगजन विभाग आणि टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस यांनी मिळून ते उभारलं. वाचकाने अपंगत्वाचा दाखला देऊन नाव नोंदवायचं असतं.

मग अडतंय कुठे?

दार उघडलं, पण आत फडताळ जवळजवळ रिकामं. इंग्रजी पुस्तकांची रेलचेल आहे. मराठीची मात्र वानवा. याची कारणं बरीचशी तांत्रिक आहेत आणि ती कळली की आपल्या हातून काय होण्यासारखं आहे तेही कळतं.

पहिलं कारण फॉन्टचं. काकूंपुढे आमची फजिती झाली ती यामुळेच. संगणकावर जगातल्या सगळ्या लिप्यांना युनिकोड या पद्धतीत स्वतःचे क्रमांक आहेत. देवनागरीला ते 1991 च्या पहिल्या आवृत्तीपासून आहेत. पण मराठी छपाईत वर्षानुवर्षं श्रीलिपी, आकृती यांसारखे जुन्या पद्धतीचे फॉन्ट वापरले गेले. त्यात होतं काय, की संगणकाच्या लेखी मजकूर इंग्रजी अक्षरांचा आणि खुणांचा असतो, फक्त त्यावर 'क', 'ख', 'ग' चे मुखवटे चढवलेले असतात. डोळ्याला मुखवटा दिसतो म्हणून आपण वाचतो. वाचक आवाजाला मुखवट्यामागचं दिसतं म्हणून तो बरळतो. महानुभाव पंथाने आपले ग्रंथ परक्यांना कळू नयेत म्हणून मुद्दाम सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्या वापरल्या होत्या. आपण आधुनिक काळात तेच केलं, फक्त नकळत, आणि ज्यांच्यापासून लपवायचं काही कारण नव्हतं त्यांच्यापासून लपवलं.

दुसरं कारण जुन्या पुस्तकांचं. त्यांची पानं स्कॅन केली तर मिळतो तो फोटो. फोटोतून अक्षरं ओळखणाऱ्या संगणक-प्रणाली आता मराठीही ओळखतात, आणि बऱ्या ओळखतात. पण पिवळी पडलेली पानं, तुटका टाइप, खालून दिसणारी मागच्या पानाची शाई! 'ख' चं 'रव' होतं, 'घ' चं 'ध' होतं, 'म' चं 'भ' होतं. "खाऊन घे" चं "रवाऊन धे" झालेलं आम्ही स्वतः पाहिलंय. जोडाक्षरांचे हाल तर विचारूच नका. डोळस माणूस संदर्भाने समजून घेतो. ऐकणाऱ्याच्या कानावर मात्र चुकीचाच शब्द पडतो. म्हणून माणसाने बसून ओळ न् ओळ मूळ पानाशी ताडून बघावी लागते.

आम्ही एक जुनं, हक्कमुक्त, 180 पानांचं पुस्तक नमुन्यादाखल करून पाहिलं. स्कॅनिंग दोन संध्याकाळी उरकलं. तपासणीला चौघांना मिळून तीन आठवडे लागले. म्हणजे कायद्याचा प्रश्न सुटला, यंत्राचा बराचसा सुटला, उरला तो मराठी जाणणाऱ्या डोळ्यांचा आणि वेळेचा. हे काम डब्लिनमधला आयरिश स्वयंसेवक करू शकत नाही, त्याची इच्छा कितीही असली तरी. ते आपणच करायचं आहे.

आपण ब्लँचर्डस्टाउनहून काय करणार

योजना साधी आहे आणि दोन भागांत आहे.

पहिला भाग हक्कमुक्त पुस्तकांचा. ज्या लेखकांना जाऊन 70 वर्षं उलटून गेली आहेत त्यांची मूळ पुस्तकं. इथे कुणाचीच परवानगी नको. मराठी विकिस्रोतावर अशी पुस्तकं स्कॅनवरून टंकून, तपासून सगळ्यांसाठी मोकळी ठेवली जातात. घरी बसून रोज एक पान तपासलं तरी चालतं. एकच सावधगिरी, नव्या आवृत्तीतली प्रस्तावना, टिपा आणि चित्रं यांवर वेगळा हक्क असू शकतो. तेवढं वगळायचं.

दुसरा भाग हक्क चालू असलेल्या पुस्तकांचा. इथे आपलं मंडळ स्वतःच्या मनाने काही करणार नाही, कारण आपण सांस्कृतिक मंडळ आहोत, अंधांसाठी काम करणारी संस्था नाही. म्हणून महाराष्ट्रातल्या एका नोंदणीकृत संस्थेला आपण पैसा आणि हात दोन्ही देणार आहोत. पुस्तकं ती निवडणार, तिच्या वाचकांनी मागितलेली. स्कॅनिंग तिकडे होणार. तयार प्रती तिच्याकडेच राहणार आणि तिच्या नोंदवलेल्या वाचकांनाच जाणार.

तुमच्या देणगीचा मोठा वाटा तपासनिसांच्या मानधनाला जाईल. यातले काही तपासनीस स्वतः दृष्टिबाधित आहेत. ऐकून चूक पकडण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही. दुसरा वाटा फोनसाठी. सुगम पुस्तक तयार झालं तरी ते उघडायला यंत्र लागतं. पडदा वाचून दाखवणारी एनव्हीडीए ही संगणक-प्रणाली फुकट मिळते, अँड्रॉइड फोनमध्ये तशी सोय आतच असते. पण संगणक आणि फोन फुकट मिळत नाहीत. तालुक्याच्या गावी वसतिगृहात राहून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या दृष्टिबाधित मुलामुलींपर्यंत आधी पोचायचं ठरलं आहे. तिसरा, लहानसा वाटा पुस्तकं विकत घेण्यासाठी. ज्या पुस्तकाची सुगम प्रत होईल त्याची निदान एक छापील प्रत आपण रीतसर विकत घेणार. कायदा अशी सक्ती करत नाही. पुण्याहून आलेल्या त्या फोनची आम्ही ठेवलेली ही आठवण समजा.

तुमच्या मनातले प्रश्न

*हल्ली मराठी श्राव्य पुस्तकं विकत मिळतात, मग हे कशाला?* मिळतात, आणि जरूर विकत घ्यावीत. वाचनही सुरेख असतं. पण तिथे येतात ती मुख्यतः खपणारी पुस्तकं. अभ्यासाचं पुस्तक, व्याकरण, जुने निबंध, संदर्भग्रंथ तिथे क्वचितच. शिवाय ऐकून शब्दाचं शुद्धलेखन कळत नाही. ब्रेलच्या यंत्रावर बोटांनी वाचायचं तर मजकूरच लागतो.

*युरोपात ई-पुस्तकांचा नवा कायदा आला आहे ना?* आला आहे. 28 जून 2025 पासून युरोपात विकली जाणारी ई-पुस्तकं सुगम असावी लागतात. पण अगदी लहान व्यावसायिकांना त्यात सूट आहे, आणि मराठी पुस्तकांचे विक्रेते इथे किती मोठे आहेत ते तुम्हाला माहीतच आहे! आधीच छापून झालेल्या शेकडो वर्षांच्या मराठी पुस्तकांना तर त्याचा उपयोग नाही.

*मी एक आवडतं पुस्तक छान वाचून यूट्यूबवर टाकलं तर?* हक्क संपलेलं असेल तर खुशाल टाका. हक्क चालू असेल तर नको. यूट्यूब सगळ्यांना खुलं असतं आणि सवलत फक्त छापील वाचू न शकणाऱ्यांपुरती आहे. त्यापेक्षा तुमचा आवाज त्या संस्थेला द्या.

*आम्हाला स्वतःला गरज पडली तर?* पडू शकते. आपल्यापैकी बरेचजण पन्नाशीला टेकलेत. ब्लँचर्डस्टाउन सेंटरजवळच्या आपल्या सार्वजनिक वाचनालयाचं सभासदत्व फुकट आहे आणि तिथे मोठ्या टायपातली व बोलकी इंग्रजी पुस्तकं मिळतात. मराठीसाठी मात्र आपली सोय आपणच करायला हवी.

शेवटी काकूंबद्दल

तो नमुन्याचा 180 पानी ग्रंथ तपासून झाल्यावर आम्ही काकूंच्या फोनवर चढवला. पहिलं पान ऐकून त्या म्हणाल्या, "आवाज जरा यंत्रासारखाच आहे, पण मराठी आहे." मग दहाव्या मिनिटाला त्यांनी हात वर करून थांबवलं आणि एक चूक दाखवली. चौघांनी तीनदा तपासूनही एक 'रव' राहिला होता. आता त्या आपल्या मुख्य तपासनीस आहेत. रोज सकाळी चहानंतर दोन तास ऐकतात आणि सूनबाई त्यांनी सांगितलेल्या चुका दुरुस्त करते. शाळेत वह्या तपासायची सवय अजून गेली नाही, असं स्वतःच म्हणतात.

मंडळी, देणगीचा अर्ज या पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर आहे. रक्कम लहान-मोठी बघू नका. पैशाऐवजी वेळ द्यायचा असेल तर त्याच अर्जावर 'तपासणी' समोर खूण करा. आठवड्याला एक तासही पुरे. जमा-खर्चाचा हिशेब आणि तयार झालेल्या पुस्तकांची यादी पुढच्या वर्षीच्या याच पुस्तिकेत छापू, म्हणजे तुम्हाला विचारायला जागा राहील आणि आम्हाला उत्तर द्यायची जबाबदारी.

आणि हो, घरी जाऊन फोनवरच्या त्या फुकट पीडीएफ एकदा बघाच. ज्या आपल्याला विकत घेता येतात त्या पुसून टाका, आणि वाचलेलं आवडलं असेल तर पुस्तक मागवा.

कळावे, लोभ असावा.

आपली,
कार्यकारिणी